मित्रासह परदेशगमन व प्रवेशाचा परवाना

शाळा सोडून बाहेर पडणारीं मुलें व मुली अलीकडे नागपूर-पुण्याच्याही पलीकडचे बेत करूं लागलीं आहेत, आणि असे बेत बहुधा एकट्यानें होत नाहींत. एका बाकावर बसणारे दोघे मिळून जर्मनी, इंग्लंड किंवा दुबई ठरवितात. घरचीं वडील माणसेंही ‘सोबतीला अमक्याचा मुलगा आहे’ एवढें ऐकून निर्धास्त होतात. सोबत असणें चांगलेंच. परंतु परराष्ट्राच्या दारावर बसलेला अधिकारी ती जमेस धरीत नाहीं, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

परवान्याची चाल जुनी आहे. नहेम्या यरुशलेमेचा तट बांधावयास निघाला तेव्हां त्यानें अर्तहशश्त राजाकडून नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नांवें पत्रें मागून घेतलीं, हें आपण शास्त्राच्या तासास वाचलेलें आहे. मध्यंतरीं मात्र ही चाल पुष्कळ सैल झाली होती. सन १८८३ च्या एप्रिल महिन्यांत पंडिता रमाबाई आपली लहानगी मनोरमा व मैत्रीण आनंदीबाई भगत यांस घेऊन इंग्लंडास निघाल्या. त्याच महिन्यांत आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं कलकत्त्याहून अमेरिकेच्या वाटेस लागल्या. या बायांस पैशाची, थंडीची आणि लोकनिंदेची चिंता होती, व्हिसाची नव्हती. पहिल्या महायुद्धानें तो काळ संपविला. हिंदुस्थानांत पासपोर्टाचा कायदा सन १९२० मध्यें झाला आणि आजचा कायदा सन १९६७ चा आहे.

पासपोर्ट व व्हिसा यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पासपोर्ट आपलें सरकार देतें. ‘हा आमचा मनुष्य आहे’ एवढेंच तें सांगतें. आपल्या भागासाठीं तें काम नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे आहे. व्हिसा देतें तें दुसरें सरकार, आणि तें विचारतें, ‘हा कशासाठीं येतो व किती दिवस राहणार?’ पाहुणा म्हणून मिळालेल्या व्हिसावर मजुरी करतां येत नाहीं. व्हिसा हातीं असूनही उतरल्या ठिकाणचा अधिकारी परत पाठवूं शकतो.

आतां मुख्य मुद्दा. पति, पत्नी व अज्ञान मुलें यांस बहुतेक देशांचे कायदे आश्रित म्हणून ओळखतात. मित्र या शब्दास त्यांत जागा नाहीं. आश्रितांचीही वाट सध्यां अरुंद होत आहे; इंग्लंडनें जानेवारी २०२४ पासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांस कुटुंब बरोबर आणण्याची मनाई केली आहे. तेव्हां दोघां मित्रांनीं दोन स्वतंत्र अर्ज करावयाचे, आणि प्रत्येकानें आपल्याच पायावर उभें राहावयाचें.

उदाहरणार्थ, दोघांस जर्मनींत शिकावयाचें आहे. प्रत्येकास स्वतःचा प्रवेश मिळाला पाहिजे, आणि वर्षभराच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो प्रत्येकाच्या नांवें बंद खात्यांत दाखविले पाहिजेत. (हा आंकडा सन २०२४ मध्यें ठरलेला आहे, तो वाढत असतो, म्हणून अर्जाच्या वेळीं पुन्हां पाहावा.) तेथें गेल्यावर दोघे एका खोलींत राहतील, एका चुलीवर भात शिजवितील, व खर्च खरोखरच कमी होईल, पण ही काटकसर हिशेबांत धरली जात नाहीं. शिक्षण संपलेल्यांसाठीं जून २०२४ पासून त्याच देशानें ‘संधिपत्र’ सुरू केलें आहे. पदवी किंवा निदान दोन वर्षांचें मान्य धंदेशिक्षण, शिवाय थोडें जर्मन किंवा चांगलें इंग्रजी, आणि वय, अनुभव इत्यादींचे मिळून सहा गुण असले, तर नोकरी हातीं नसतांही वर्षभर राहून ती शोधतां येते. दोघे लायक असले तर दोघांसही मिळण्याचा संभव आहे, म्हणून जोडीनें जाणारांस ही वाट मला बरी वाटते.

याच्या उलट सोडतीच्या वाटा. इंग्लंडनें भारतीय तरुणांसाठीं सन २०२३ मध्यें एक योजना काढली: वय १८ ते ३०, पदवी आवश्यक, मुदत दोन वर्षें, आणि जागा वर्षास ३,०००. ऑस्ट्रेलियानें सन २०२४ पासून भारतीयांस १,००० जागा देऊं केल्या. त्यांत वर्षभर राहून फिरतां व काम करतां येतें. दोन्ही ठिकाणीं चिठ्ठ्या काढाव्या तशी निवड होते, आणि चिठ्ठी एकेका नांवाची असते. एकाचें नांव निघालें व दुसऱ्याचें राहिलें, असें सहज घडतें. मग पहिल्यानें जावें कीं राहावें? हा प्रश्न चिठ्ठी निघण्यापूर्वींच दोघांनीं, आणि दोघांच्याही आईवडिलांनीं, मोकळेपणानें बोलून ठेवावा. मागाहून बोलूं लागल्यास त्यांत रुसवा येतो.

नोकरीसाठीं आखातांत जाणारांची गोष्ट निराळी. तेथील व्हिसा मालकाच्या जबाबदारीवर मिळतो. एकाचा मालक दुसऱ्यास बांधलेला नसतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टावर उत्प्रवासाची तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो, आणि सन १९८३ च्या कायद्याप्रमाणें आखाती देश, मलेशिया वगैरे १८ देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं त्यांस सरकारची मंजुरी घ्यावी लागते. दहावी झाली कीं हा शेरा लागत नाहीं. तेव्हां एक मित्र पास व दुसरा नापास असेल तर येथेंच दोघांचे रस्ते फुटतात. दलाल सरकारदरबारीं नोंदलेला आहे कीं नाहीं हें पालकांनीं स्वतः पाहावें. त्याची फी ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक असूं नये, आणि पावती घ्यावीच. ‘आधीं पाहुण्याच्या व्हिसावर जा, मग पाहूं’ असें जो सांगतो त्यास दारांतूनच निरोप द्यावा.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्याच मुलखांतली. आपल्या तालुक्यांत प्रतापगडाजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत सन १९७२ पासून आहे. (तेव्हां हा भाग भंडारा जिल्ह्यांत होता, गोंदिया जिल्हा सन १९९९ चा.) तेथला एक व नवेगांवचा एक असे दोघे जिवलग असले, एकाच वर्गांत बसले, एकच मराठी बोलले, तरी दोघांचे कागद एक नसतात. नवेगांवकराजवळ भारताचा पासपोर्ट. तिबेटी मुलाजवळ बहुधा नोंदणीचा दाखला, आणि प्रवासासाठीं भारत सरकारनें दिलेलें पिवळ्या आवरणाचें ओळखपत्रपुस्तक. त्यांत परत येण्यास हरकत नसल्याची नोंद असावी लागते. नेपाळांत भारतीयास व्हिसा लागत नाहीं, परंतु ती सवलत नागरिकत्वास आहे, रहिवासास नाहीं. सन १९५० च्या २६ जानेवारीपासून १९८७ च्या १ जुलैपूर्वीं भारतांत जन्मलेले तिबेटी जन्मानेंच भारतीय नागरिक होत, असें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें सन २०१० मध्यें ठरविलें. त्या वयाचे आईबाप ज्यांस आहेत त्यांनीं आपला हक्क जाणत्या वकिलास विचारून पाहावा. अशा जोडीनें बेत करतांना ज्याचे कागद अवघड त्याच्या वेळेप्रमाणें तारीख ठरवावी. तिकिटें आधीं काढूं नयेत.

शेवटीं शाळेच्या दप्तराविषयीं. पासपोर्टावरील नांव, जन्मतारीख व जन्मस्थळ हीं शाळा सोडल्याच्या दाखल्याशीं व गुणपत्रिकेशीं अक्षरशः जुळावीं लागतात. एके ठिकाणीं वडिलांचें नांव पूर्ण, दुसरीकडे नुसतें आद्याक्षर, तिसरीकडे आडनांवाचें निराळेंच इंग्रजी वर्णलेखन, असें पुष्कळ मुलांचें आढळतें. विद्यार्थी शाळेंत आहे तोंवर पुरावा दाखवून ही दुरुस्ती होऊं शकते. दाखला एकदां बाहेर गेला कीं तिला फार खटपट पडते. म्हणून दहावीचा फॉर्म भरतांनाच पालकांनीं जन्माचा दाखला घेऊन यावें व शाळेच्या नोंदवहींतील नोंद स्वतःच्या डोळ्यांनीं वाचून पाहावी.