धारचे फडके आणि पडद्यावरची माती

गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा आहे. अनंत चतुर्दशीला त्याच्या आजूबाजूला पाय ठेवायला जागा उरत नाही. इतक्या गर्दीत तो पुतळा कोणी घडवला हे सांगू शकणारी माणसे मात्र मोजकीच सापडतील. रघुनाथ कृष्ण फडके हे त्या शिल्पकाराचे नाव. जन्म वसईचा, २७ जानेवारी १८८४चा. शिल्पकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. हात बसला तो काम करता करता. पुढे ते माळव्यात गेले आणि धारचेच झाले. १९६१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, १९७२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या अनेक मूर्ती आजही धारच्या फडके स्टुडिओत आहेत.

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात उतरल्या आणि पवारांची घराणी तिथे स्थिरावली. धारला एक गादी आणि देवासला दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांच्या मागोमाग कारभारी गेले, शास्त्री गेले, गवई गेले, मास्तर गेले. धारची शिल्पपरंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. राजा भोजाची ही राजधानी. इथली इ. स. १०३४ची लेख कोरलेली देवीमूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अशा गावात एका स्वयंशिक्षित मराठी शिल्पकाराला आसरा मिळाला, याचे मला फार समाधान वाटते. संस्थानांच्या दोषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण पदवी न विचारता हातातले काम पाहणारा आश्रयदाता तिथे भेटू शकत असे, हेही नोंदवले पाहिजे.

फडक्यांच्या पिढीत स्वतः शिकणारे ते एकटे नव्हते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तंत्र बदलले तसा कलावंत बदलत गेला. आज घरच्या संगणकावर चित्र काढायला शिकणाऱ्या आणि वर्ष-दोन वर्षांत अॅनिमेशन किंवा गेमच्या कामाकडे वळणाऱ्या मुलामुलींची वाट याहून फारशी वेगळी नाही.

मात्र स्वतः शिकायचे म्हणजे कोणाकडून शिकायचे? शिल्पकाराच्या बाबतीत याचे उत्तर मातीत आहे. मोठा पुतळा करायचा तर आधी लोखंडी सांगाडा उभा करावा लागतो. ओल्या मातीचे वजन खाली ओढते, म्हणून तारांना लाकडाच्या छोट्या फुल्या टांगून ठेवतात, त्यांच्या आधाराने माती टिकते. सांगाडा चुकला तर रात्रीतून खांदा खचतो. माती वाळू नये म्हणून रोज ओले फडके गुंडाळायचे. मग प्लास्टरचा साचा. त्यातला पहिला पातळ थर रंग मिसळलेला असतो. आतली माती काढून साच्यात पुन्हा प्लास्टर ओततात आणि छिन्नीने बाहेरचा साचा फोडत जातात. रंगीत थर दिसला की हात आवरायचा, मूर्ती आता बोटभरही लांब नसते! या प्रत्येक टप्प्यावर चूक लगेच समोर येते आणि ती पैशांत आणि महिन्यांत मोजावी लागते. शाळेत न गेलेल्याला हीच शाळा.

संगणकावरच्या शिल्पकामातही सुरुवात गोळ्यापासूनच होते. झेडब्रश किंवा ब्लेंडरमध्ये बहुधा एक गोल घेऊन काम सुरू करतात, आणि टॅबलेटवर पेन जितके दाबाल तितका तो उचलला किंवा खचवला जातो. ब्लेंडर २००२पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळते. धारच्या एखाद्या मुलीला ते शिकण्यासाठी मुंबई गाठायला नको, हा फार मोठा बदल आहे. पण पडद्यावर वजन नसते. खांदा खचत नाही, केलेले एका बटणाने मागे घेता येते. त्यामुळे नवशिका आधी सुरकुत्या आणि पापण्या कोरत बसतो आणि मूळ घाट कच्चाच राहतो. थ्रीडी प्रिंट काढल्यावर मूर्ती तोल जाऊन पडते, तेव्हा ते कळते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे: पडद्यावर मूर्ती घडवणाऱ्याने काही महिने तरी शाडूत हात घालावा. आधी ढोबळ घाट, मग तपशील, ही शिस्त माती जशी लावते तशी कोणताही व्हिडिओ लावत नाही.

देवासच्या बाजूने एक उलटे उदाहरण आहे. विष्णू चिंचाळकर, सगळ्यांचे ‘गुरुजी’, १९१७ साली देवास संस्थानातल्या आलोट इथे जन्मले. त्यांनी इंदूरला चित्रकार देवळालीकरांकडे रीतसर धडे घेतले, व्यक्तिचित्रणात हात तयार केला. आणि पुढे ती सफाई बाजूला ठेवून वाळकी पाने, काटक्या, मोडक्यातोडक्या वस्तू यांत ते आकार शोधू लागले, मुलांना शोधायला शिकवू लागले. शिकलेल्या माणसाने पुन्हा स्वतःच शिकायला बसावे, याला मोठे धैर्य लागते. नव्या कलावंताला सॉफ्टवेअर दर थोड्या वर्षांनी बदलावेच लागणार आहे. त्याने गुरुजींकडून घ्यावे ते हे धैर्य.

आता एक विनंती, धार, देवास आणि इंदूरच्या तरुण डिजिटल कलावंतांना. शिल्पाची त्रिमितीय नोंद करायला आज महागडे यंत्र लागत नाही. मूर्तीभोवती फिरत, एकमेकांवर निम्म्याहून अधिक येतील असे फोटो मोबाइलवर काढायचे, ऊन थेट पडत नसेल अशी वेळ निवडायची. मेशरूमसारखे फुकट सॉफ्टवेअर त्यातून मूर्तीचा आकार बांधून देते, ब्लेंडरमध्ये तो साफ करता येतो. प्लास्टर ठिसूळ असते, ओल धरते, कोपरे झडतात. स्टुडिओची रीतसर परवानगी घ्या आणि फडक्यांच्या मूर्तींपासून सुरुवात करा. आकार तुमच्याकडे राहील, आणि त्याचा सांगाडा समजून घेता घेता शिकणेही होईल. मुंबई-पुण्यातल्या मराठी मंडळांनी या कामाला पैसे द्यावेत. चौपाटीवरच्या टिळकांचे तेवढे ऋण आपल्यावर आहे.