करोनाच्या हंगामात मोडलेले सामने

९ जुलै २०२० रोजी अमेरिकेतल्या ‘बिग टेन’ कॉन्फरन्सने जाहीर केले, की त्या वर्षी शरद ऋतूत मैदाने उघडलीच, तर आपल्या १४ विद्यापीठांचे फुटबॉल संघ फक्त एकमेकांशीच खेळतील. दुसऱ्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘पॅक-१२’नेही हीच वाट धरली. करोनाचे रुग्ण वाढत होते, त्यामुळे हा सावधगिरीचा निर्णय म्हणून सगळ्यांनी स्वीकारला. पण त्या एका निवेदनाने डझनावारी लेखी करार निकामी झाले. त्या हंगामाची हकिगत पाहिली, तर मला एक गोष्ट ठळकपणे दिसते: महामारीची जोखीम सगळ्यांवर सारखी आली नाही. ज्यांच्या हाती वेळापत्रक होते त्यांनी ती आपल्या कुंपणाबाहेर ढकलली, आणि बाहेर जे उभे होते त्यांना ती सोसावी लागली.

आधी ही व्यवस्था समजून घ्यायला हवी. इथे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून लांबट चेंडूने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. व्यावसायिक लीगच्या खालोखाल तो गाजतो विद्यापीठांच्या संघांमुळे. बिग टेनमधल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेला गट म्हणजे कॉन्फरन्स. टीव्हीचे हक्क तीच विकते आणि पैसा सदस्यांत वाटते. २०१७ पासूनच्या सहा वर्षांसाठी बिग टेनने फॉक्स आणि ईएसपीएन यांच्याशी केलेला करार सुमारे २६४ कोटी डॉलरचा होता. हंगामातल्या साधारण बारा सामन्यांपैकी आठ-नऊ कॉन्फरन्समधले असतात आणि ते कॉन्फरन्सच ठरवते. उरलेले तीन-चार सामने दोन विद्यापीठे परस्पर करार करून ठरवतात, कधी कधी तर दहा-दहा वर्षे आधी. यातले काही करार बरोबरीचे असतात: एका वर्षी तुमच्याकडे, पुढे आमच्याकडे. बाकीच्यांत मोठे विद्यापीठ छोट्याला आपल्या मैदानावर बोलावते आणि त्याबद्दल ठरीव रक्कम देते. ती एका सामन्याला दहा लाख डॉलरच्या पुढेही जाते. मोठ्याला बहुधा खात्रीचा विजय आणि भरलेले मैदान मिळते. छोट्याच्या क्रीडा विभागाचे वर्षाचे अंदाजपत्रक त्या रकमेवर उभे राहते.

सप्टेंबर २०२० मध्ये ओहायो स्टेटकडे बोलिंग ग्रीन आणि बफेलो या विद्यापीठांचे संघ असेच जाणार होते. दोन्ही ‘मिड-अमेरिकन’ या छोट्या कॉन्फरन्सचे सदस्य. बोलिंग ग्रीनची तंगी तर आधीच चव्हाट्यावर आली होती. मे महिन्यात त्यांनी खर्च वाचवण्यासाठी बेसबॉलचा संघच बंद केला होता आणि देणगीदार धावून आल्यामुळे तो पुन्हा सुरू झाला होता. अशा विद्यापीठाचा एक मोठा सामना गेला, तर फटका फुटबॉलपुरता राहत नाही. पोहणारे, धावणारे, टेनिस खेळणारे विद्यार्थी त्याच तिजोरीतून खेळत असतात.

करार मोडला तर भरपाई का नाही, हा साधा प्रश्न. उत्तर अपरिहार्य आपत्तीच्या कलमात आहे. युद्ध, पूर, आग, सरकारी मनाई अशा, कोणाच्याच हाती नसलेल्या कारणाने सामना झाला नाही, तर कोणी कोणाचे देणे लागत नाही, असे हे कलम सांगते. महामारी त्यात बसते, हा युक्तिवाद सहज फेटाळता येणार नाही. पण जुलैमध्ये हे सामने सरकारी हुकमाने रद्द झाले नव्हते, ते कॉन्फरन्सने रद्द केले होते. आणि कॉन्फरन्स म्हणजे तरी कोण? तिचे निर्णय सदस्य विद्यापीठांचे अध्यक्षच घेतात. ज्या मंडळात आपण स्वतः बसतो, त्याचा ठराव आपल्या हाताबाहेरचा होता, असे म्हणणे मला पटत नाही. ८ ऑगस्टला मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने स्वतःच हंगाम पुढे ढकलला आणि तीन दिवसांनी बिग टेननेही. त्यामुळे या प्रश्नाची धार बोथट झाली. तरी जुलैचा निर्णय घेताना बाहेरच्या विद्यापीठांचे काय होणार, याची जबाबदारी कोणी घेतली नाही, हे खरेच.

याला मिळणारे मुख्य उत्तर वैद्यकीय आहे. एका कॉन्फरन्सचे संघ एकाच पद्धतीने तपासण्या करतील, परक्या संघाचा भरवसा नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. तपासण्या महाग होत्या आणि छोट्या विद्यापीठांना त्या परवडणे कठीण होते. पण अटलांटिक किनाऱ्यावरच्या ‘एसीसी’ कॉन्फरन्सने याच उन्हाळ्यात दुसरा मार्ग काढला: कॉन्फरन्सचे दहा सामने आणि बाहेरचा एक. अट एवढीच, की तो सामना एसीसीच्या संघाच्या राज्यात व्हावा आणि पाहुण्यांनी एसीसीचे वैद्यकीय नियम पाळावेत. म्हणजे आरोग्याची अट करारात घालता येत होती. अंतराचा मुद्दाही टिकत नाही. बोलिंग ग्रीन आणि ओहायो स्टेट एकाच राज्यात, सुमारे २०० किलोमीटरवर. उलट बिग टेनचा पुढे ढकललेला हंगाम अखेर सुरू झाल्यावर १८ डिसेंबरला नेब्रास्काचा संघ जवळपास २,००० किलोमीटर उडत न्यू जर्सीत रटगर्सशी खेळायला गेला. दोघे बिग टेनचे म्हणून तो प्रवास चालला.

दुसरा आक्षेप असा, की वेळापत्रक म्हणजे वर्षानुवर्षांची गुंतागुंत, ऐन वेळी त्यात काय बदलणार? २०२० नेच याचे उत्तर दिले. १३ नोव्हेंबरच्या शुक्रवारी पॅक-१२मधल्या यूसीएलए आणि कॅल या दोन्ही विद्यापीठांच्या संघांचे प्रतिस्पर्धी करोनामुळे गळाले. रविवारी सकाळी नऊला हे दोघे रोझ बोल मैदानावर एकमेकांशी खेळत होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिबर्टी विद्यापीठाला खेळणे अशक्य झाले, तेव्हा यूटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघ दोन दिवसांच्या सूचनेवर देश ओलांडून साउथ कॅरोलायनात गेला आणि कोस्टल कॅरोलायनाकडून २२-१७ असा हरला. त्या हंगामातल्या सर्वांत रंगलेल्या सामन्यांत तो मोजला जातो. नियमही हवे तेव्हा वाकले. विजेतेपदाच्या सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले हवेत, असा बिग टेनचा नियम होता. ओहायो स्टेटचे पाचच झाले, तेव्हा ९ डिसेंबरला नियमच बाजूला ठेवला गेला. मला यात गैर वाटत नाही. असाधारण वर्षात लवचीकपणा हवाच. पण तो घरच्या संघासाठी डिसेंबरमध्ये सुचला आणि शेजारच्यासाठी जुलैमध्ये सुचला नाही, ही माझी तक्रार आहे.

खेळाडूंची बाजू तर याहून लंगडी होती. सामन्यांचे करार विद्यापीठांत, प्रक्षेपणाचे करार कॉन्फरन्स आणि वाहिन्यांत. ज्यांच्या जिवावर खेळ चालतो त्या विद्यार्थ्यांकडे तेव्हा फक्त शिष्यवृत्ती होती. ऑगस्टच्या आरंभी पॅक-१२च्या खेळाडूंनी आरोग्याच्या हमीसाठी बहिष्काराचा इशारा दिला, आणि आठवड्याभरात देशभरच्या अनेक खेळाडूंनी आम्हाला खेळायचे आहे अशी मोहीम काढली. दोन्ही गटांना एकच गोष्ट हवी होती, निर्णयात जागा. राष्ट्रीय संघटना एनसीएएने त्यांना खेळण्याच्या पात्रतेचे एक वर्ष वाढवून दिले आणि करोनाच्या जबाबदारीतून विद्यापीठाला मुक्त करणाऱ्या पत्रांवर सह्या करून घ्यायला मनाई केली. दोन्ही पावले योग्यच होती. जागा मात्र मिळाली नाही.

माझ्या मते अशा करारांत तीन गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात: आरोग्याचे निकष दोघांना समान असतील, सामना हुकला तर आधी नवी तारीख शोधली जाईल, आणि कॉन्फरन्सच्या ठरावामुळे तो रद्द झाला, तर ठरलेल्या रकमेचा काही वाटा पाहुण्यांना मिळेल. मोठी विद्यापीठे अशी सही कशाला करतील, असे कोणी विचारेल. कुंपणाच्या आतली जागा कायमची नसते, हे याचे कारण. २०२० मध्ये पॅक-१२ निर्णय घेणाऱ्यांत होती. २०२३ पर्यंत तिची दहा विद्यापीठे दुसरीकडे जायचे ठरवून मोकळी झाली. उरली ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. २०२४ च्या हंगामासाठी प्रत्येकी सहा प्रतिस्पर्धी मिळावेत म्हणून या दोघांच्या पॅक-१२ला माउंटन वेस्ट या लहान कॉन्फरन्सशी करार करावा लागला, आणि त्यापोटी सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मोजावे लागले.