तीन पूर्वज, तीन प्रहर
ज्यूंची प्रार्थना : लेखांक ४

सदोम जळून गेल्यानंतरची सकाळ. आदल्या दिवशी अब्राहामाने त्या शहरासाठी देवाशी घासाघीस केली होती. पन्नास नीतिमान माणसं सापडली तर, पंचेचाळीस सापडली तर, असं करत तो दहावर आला होता. दहाही निघाली नाहीत. पहाटे उठून तो काल उभा होता त्याच जागी पुन्हा गेला. खालच्या सपाटीवरून भट्टीसारखा धूर चढत होता.

'उत्पत्ती'तल्या या प्रसंगात प्रार्थनेचा उल्लेखसुद्धा नाही. तरी सकाळच्या प्रार्थनेचं, शाखरितचं, मूळ ज्यू परंपरा इथेच शोधते. मागच्या लेखांकात 'शेमा' पाहिलं. त्यानंतर उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना म्हणजे 'अमिदा', आणि अमिदाचा अर्थच उभं राहणं. जिथे मागितलेलं मिळालं नाही त्याच जागी अब्राहाम पुन्हा उभा राहिला, हे इथे विसरता येत नाही.

दुपारनंतरची मिनखा इसहाकाची. दिवस कलताना तो शेतात गेला होता, आणि मान वर केली तर समोरून उंट येत होते. त्यांतल्या एकावर रिबका होती. तो शेतात कशासाठी गेला, हे सांगणारं हिब्रू क्रियापद जरा गूढ आहे. रब्बींनी त्याचा अर्थ देवाशी बोलणं असा घेतला. रात्रीची मारीव याकोबाची. भाऊ जिवावर उठलेला, घर सुटलेलं, वाटेतच सूर्य मावळला. उशाला दगड घेऊन तो उघड्यावर निजला, आणि स्वर्गाला टेकलेली शिडी त्याने स्वप्नात पाहिली.

तालमुदच्या 'बराखोत' या भागात हे मत रब्बी योसे बेन हनिना यांच्या नावावर आहे. लगेच रब्बी यहोशुआ बेन लेवी यांचं मत येतं: प्रार्थना ठरल्या त्या यरुशलेमच्या मंदिरातल्या रोजच्या अर्पणांवरून, सकाळी एक कोकरू, सांजेला एक. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यावर हा दुवा लोकांना किती जवळचा वाटला असेल! तालमुदने दोन्ही मतं राखली. सुरुवात पूर्वजांची, वेळा पुढे अर्पणांशी जोडल्या गेल्या.

अडचण रात्रीची. मंदिरात रात्री नवं अर्पण नसे. दिवसाच्या अर्पणांचे उरलेले भाग तेवढे वेदीवर जळत राहत. मग मारीव सक्तीची की ऐच्छिक? यावरून रब्बींच्या सभेचे प्रमुख रब्बान गमलिएल यांनी रब्बी यहोशुआंना (वरचे बेन लेवी नव्हेत) भर सभेत ताटकळत उभं ठेवलं. लोकांना ते इतकं लागलं की त्यांनी गमलिएलना प्रमुखपदावरून उतरवलं. पुढे मारीव रुळली ती बंधन म्हणूनच. पण जुन्या वादाची खूण उरली: शाखरित आणि मिनखाच्या वेळी अमिदा आधी प्रत्येक जण मनाशी म्हणतो, मग प्रार्थना चालवणारा ती मोठ्याने पुन्हा म्हणतो, मारीवला ही पुनरावृत्ती नाही.

अमिदाचा पहिला आशीर्वाद 'आवोत', म्हणजे पूर्वज. त्यात अब्राहाम, इसहाक आणि याकोब या तिघांच्या नावांशी 'देव' हा शब्द वेगवेगळा येतो, एकदाच सामाईक नव्हे. प्रत्येकाने देवाला स्वतः शोधलं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. आज अनेक उदारमतवादी सभास्थानांत सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांचीही नावं घेतली जातात. त्या चौघींशिवाय ही वंशकथा पुढे सरकलीच नसती, त्यामुळे ही भर रास्त वाटते.

शुक्रवारची रात्र मात्र निराळी. त्या मारीवला अमिदाचं एक संक्षिप्त रूप मोठ्याने म्हणतात. पूर्वी सभास्थानं गावाबाहेर असत. उशिरा आलेल्याला मागे एकट्याने प्रार्थना संपवून अंधारातून घरी जावं लागू नये, म्हणून सगळ्यांनी थोडं अधिक थांबायचं, असं त्याचं जुनं कारण सांगतात. त्या प्रार्थनेत 'मागेन आवोत', 'पूर्वजांची ढाल', हे शब्द येतात. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या बेने इस्राएलींच्या सभास्थानाचं नावही हेच : मागेन आबोथ.