साहेब, मला जरा वेगळं वाटतं!

नोकरी करणाऱ्या बाईला दोन संसार असतात असं म्हणतात. एक घरचा आणि दुसरा कामाच्या जागचा. घरच्या संसारात मतभेद झाला तर कसं बोलावं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आमटी खारट झाली आहे, हे सासूबाईंना भर पंगतीत कुठली सून सुनावते? पाहुणे गेल्यावर, भांडी आवरता आवरता ती हळूच म्हणते, "आई, उद्या मीठ मी घालू का?" सासूबाई काय समजायचं ते समजतात. कुणाचा मान जात नाही आणि दुसऱ्या दिवशीची आमटी चांगली होते.

हीच बाई शाळेत, बँकेत किंवा कचेरीत गेली की मात्र तिची बोलती बंद होते. साहेबांचं म्हणणं पटलेलं नसतं, तरी तोंडातून "हो सर" निघून जातं. मग ती धुसफूस पर्समधून घरी येते आणि वड्याचं तेल वांग्यावर निघतं. चूक साहेबांची आणि धपाटा बंडूच्या पाठीत! तुमच्याही घरी कधीतरी असं झालं असेल, नाही का?

मैत्रिणींनो, "घाबरता कशाला, बोला बिनधास्त" असा फुकटचा उपदेश मी करणार नाही. मी स्वतः तासिकेवर शिकवते. येत्या जूनमध्ये आपल्याला पुन्हा बोलावतील की नाही, ही धाकधूक मला चांगली ठाऊक आहे. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, सारं डोळ्यांसमोर असतं. पण गप्प बसण्याचीही किंमत असते, आणि ती कधीकधी भलत्यालाच मोजावी लागते.

बिहारच्या सारण जिल्ह्यातली 16 जुलै 2013 ची घटना आठवा. एका गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं दगावली. अन्नात कीटकनाशक उतरलं होतं. स्वयंपाकीणबाईंना तेलाचा वास वेगळा वाटला होता आणि त्यांनी तसं वर सांगितलंही होतं, पण तेच तेल वापरायला सांगण्यात आलं, असं त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं. ते जेवण खाऊन त्या बाईही आजारी पडल्या. त्यांना बोल लावायचा नाही. त्या बिचाऱ्या हुकमाच्या ताबेदार. पण खालच्या माणसाच्या "मला वेगळं वाटतं" या शब्दांत किती मोलाची गोष्ट असू शकते, हे त्यावरून कळतं.

म्हणूनच शाळेत मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी अन्नाची चव घ्यायची आणि तशी नोंद करायची, असा दंडक आहे. माझ्या माहितीतल्या एका शाळेत वरिष्ठांनी एका तरुण शिक्षिकेला सांगितलं, "बाई, आठवड्याच्या सह्या आजच करून टाका. रोज कुठे धावाधाव करता?" सांगण्यात कपट नव्हतं, नुसती घाई होती. त्या शिक्षिकेनं वादही घातला नाही आणि सहीही केली नाही. ती म्हणाली, "सर, तुमचा वेळ वाचावा म्हणून सांगताय, कळतंय मला. पण सहीखाली माझं नाव राहतं. मी रोज मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं येऊन चव घेते आणि वही तुमच्या टेबलावर आणून ठेवते. चालेल ना?" सर क्षणभर थांबले आणि "बरं" म्हणाले.

तिच्या बोलण्यात काय काय होतं पाहा. "तुम्ही चुकीचं सांगताय" हे वाक्यच नव्हतं. सरांचा हेतू तिनं आधी मान्य केला, मग आपली अडचण सांगितली आणि लगेच उपायही पुढे ठेवला. तो उपाय सरांचं काम वाढवणारा नव्हता. नुसती तक्रार घेऊन गेलं की साहेबांना वाटतं, आणखी एक डोकेदुखी आली. तक्रारीबरोबर तोड नेली तर ते निदान ऐकून घेतात.

वेळ आणि जागा

भर मीटिंगमध्ये, चार लोकांदेखत साहेबांचं म्हणणं खोडलं की विषय बाजूला राहतो आणि मानापमान सुरू होतो. पेशवाईतली रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट पाहा. ग्रँट डफच्या 1826 सालच्या इतिहासातही ती आहे. तरुण माधवराव पेशवे जपजाप्यात गढून गेले होते आणि त्यापायी कारभाराकडे दुर्लक्ष होत होतं. कामासाठी आलेले रामशास्त्री ते पाहून मुकाट्यानं परत गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी आपली बाजू मांडली, तेव्हा शास्त्रीबुवांनी स्पष्ट सांगितलं, की जपच करायचा तर गादी सोडून माझ्याबरोबर चला आणि राज्य करायचं तर प्रजेकडे पाहा. माधवरावांनी ते मानलं. पेशव्यांचा जप चालू असताना शास्त्रीबुवांनी आरडाओरडा केला नाही. योग्य वेळ साधली, पण बोलताना मुळमुळीत बोलले नाहीत. अदब आणि स्पष्टपणा ही एकमेकांची वैरी नव्हेत.

तेव्हा "सर, पाच मिनिटं मिळतील का?" असं विचारून जा. साहेब डबा खाऊन निवांत बसले असतील ती वेळ उत्तम. निर्णय व्हायच्या आधी गेलात तर ती सूचना ठरते, हुकूम निघाल्यावर गेलात तर तोच विरोध वाटतो. आणि राग आला असेल त्या दिवशी जाऊच नका. एक रात्र मध्ये जाऊ द्या.

शब्द

"तुम्ही नेहमी असंच करता" यातला "नेहमी" गाळा. "सगळ्यांनाच असं वाटतं" हेही नको. साहेब विचारतील, "सगळे म्हणजे कोण?" आपल्यापुरतं बोला आणि हिशेब सांगा. "मला फार काम पडतं" यापेक्षा "या आठवड्यात माझ्याकडे दोन वर्गांचे पेपर आहेत, त्यात हा अहवाल आला तर पेपर सोमवारऐवजी गुरुवारी होतील. आधी काय करू?" हे जास्त पटतं. बोलणं माणसावर नको, कामावर हवं.

बरोबरीच्या सहकारी बाईंशी मतभेद झाला तर आपली एक जुनी खोड टाळावी, ती म्हणजे लेकी बोले सुने लागे. शिपायाला टाकून बोलायचं आणि टोमणा शेजारच्या टेबलाला! त्याऐवजी चहाच्या वेळी सरळ तिच्याशीच बोला. तिच्याबद्दल इतर दहाजणींशी बोलून झाल्यावर तिच्याकडे गेलात तर उशीर झालेला असतो.

कागद

पैसे, सही, हजेरीपट किंवा कुणाची सुरक्षितता यांचा प्रश्न असेल तर तोंडी बोलण्यावर थांबू नका. "आपल्याशी आज बोलणं झालं त्याप्रमाणे..." अशी सुरुवात करून चार ओळींचा अर्ज द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. भाषा नम्रच असू द्या. लिहिलेला कागद आवाज चढवत नाही, पण विसरतही नाही.

इतकं करूनही साहेब "नाही" म्हणाले तर? साधी कामाची पद्धत असेल तर त्यांचं म्हणणं मान्य करून मन लावून काम करा. आपलं मत सांगून झालं, जबाबदारी त्यांची. खोटी सही किंवा गैरव्यवहार असेल तर मात्र "सर, एवढं सोडून सांगा" म्हणून ठाम राहा आणि लेखी कळवा.

आणि एक गोष्ट मतभेदात मोडतच नाही. कुणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर तिथे गोड शब्द शोधत बसू नका. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागी असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, हे ध्यानात ठेवा.

जाता जाता एवढंच, की आपणही कुणाच्या तरी साहेब असतोच. भांडीवाल्या मावशी "ताई, या पावडरनं हात फुटतात हो" म्हणतात, तेव्हा आपण "सगळीकडे हीच असते" म्हणून विषय मिटवतो का? उद्या त्या असं काही म्हणाल्या तर हातातलं काम ठेवून त्यांचं पूर्ण ऐकून घ्या. आणि जमलं तर पावडरही बदला!