उष्ण हवामानातील आयर्नमॅन शर्यत

आयर्नमॅन ही ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल चालवणे आणि ४२.२ किमी धावणे हे तीन टप्पे एकाच दिवसात सलग पूर्ण करावयाची ट्रायथलॉन शर्यत आहे. ती उष्ण व दमट प्रदेशात होते तेव्हा तिचे स्वरूप बरेच बदलते. हवाई बेटावरील कैलुआ-कोना या गावी होणारी विश्वअजिंक्यपद शर्यत हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. अशा शर्यतीत खेळाडूच्या कमाल वेगापेक्षा, शरीरात निर्माण होणारी उष्णता तो किती काळ बाहेर टाकू शकतो, याला अधिक महत्त्व येते. सायकलवर केलेली चूक त्या वेळी सहसा जाणवत नाही; ती काही तासांनी, धावताना उघड होते.

इतिहास

जॉन व ज्युडी कॉलिन्स या दांपत्याच्या कल्पनेतून इ.स. १९७८ मध्ये ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. १५ जणांनी सुरुवात केली व १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. विजेता गॉर्डन हॉलर याला ११ तास ४६ मिनिटे लागली. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचे पाणी संपल्याने त्यांनी त्याला बिअर पाजली, ही हकिकत आज गमतीने सांगितली जाते; परंतु उष्णतेत काय प्यावे याविषयीचे त्या काळातील अज्ञानही तीतून दिसते. १९८१ साली शर्यत हवाई बेटावर हलवण्यात आली.

मार्ग व हवामान

कैलुआच्या उपसागरातील पाणी उबदार असते, त्यामुळे तेथे अंग झाकणारा वेटसूट वापरता येत नाही. सायकलचा मार्ग काळ्या लाव्हाच्या उघड्या पठारातून हावी या गावापर्यंत जाऊन परत येतो. सावली जवळजवळ नाही. तापलेला खडक व डांबर खालूनही उष्णता फेकतात. हावीच्या बाजूला जोरदार आडवे वारे वाहतात. पहाटे सुरू झालेल्या शर्यतीत बहुतेक हौशी खेळाडू धावायला लागतात ते भर दुपारी. मॅरेथॉनच्या उत्तरार्धातील ‘एनर्जी लॅब’ नावाचा समुद्राकडे उतरणारा व पुन्हा चढणारा रस्ता अनेकांच्या शर्यतीचा निकाल लावतो.

उष्णतेचा हिशेब

स्नायू वापरत असलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्केच यांत्रिक कार्यात उतरते, उरलेली उष्णता होते. सायकलवर २०० वॅट शक्ती सातत्याने लावणाऱ्या खेळाडूच्या शरीरात म्हणजे साधारण ६०० ते ८०० वॅट उष्णता निर्माण होत असते. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. तासाला एक लिटर या दराने हे प्रमाण जवळपास ६७० वॅट भरते. हिशेब जेमतेम जुळतो, आणि तोही घाम खरोखर वाळला तरच. दमट हवेत अंगावरून ओघळणारा घाम शरीरातील पाणी व मीठ नेतो, गारवा मात्र देत नाही.

येथेच सायकल व धावणे यांतील मुख्य फरक आहे. ताशी ३५ किमी वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला स्वतःच्या वेगाचाच वारा लागतो, त्यामुळे घाम लवकर वाळतो आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. ताशी १० ते १२ किमी वेगाने धावू लागताच तो वारा नाहीसा होतो. शरीराला त्वचा, स्नायू व पचनसंस्था या तिन्हींकडे रक्त पाठवायचे असते; पाणी घटल्याने रक्तच कमी पडते. परिणामी तोच वेग राखतानाही हृदयगती चढत जाते आणि पोटातील अन्न शोषले जात नाही. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घेण्याचा सराव केलेल्या खेळाडूलाही अशा वेळी उलट्या होऊ शकतात. पोट बिघडले, असे त्याचे वर्णन केले जाते. प्रत्यक्षात दोष बहुधा आधीच्या वेगाचा असतो.

गतिनियोजन

थंड हवेत ठरवलेली शक्ती किंवा वेग उष्ण शर्यतीत जशाच्या तशा लागू करणे हा सर्वांत नेहमीचा दोष होय. अनुभवी खेळाडू सायकलवरील लक्ष्य आधीच खाली आणतात, चढावर व समोरच्या वाऱ्यात इतरांच्या मागे लागत नाहीत आणि पॉवर मीटरवरील आकड्याइतकेच हृदयगतीकडे लक्ष देतात. धावताना मदत केंद्रांवर काही पावले चालणे, टोपीत व कपड्यांत बर्फ भरणे, अंगावर पाणी घेणे यांत थोडा वेळ खर्च होतो; मात्र नंतर ताप चढून पाय ओढत चालण्यात जाणारा वेळ त्याहून फार मोठा असतो.

शरीराला उष्णतेची सवय लावता येते. १० ते १४ दिवसांच्या सरावाने रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो व त्यातील मीठ कमी होते. हा लाभ काही आठवड्यांतच ओसरतो.

पाणी व मीठ

फार पाणी पिणेही धोक्याचे आहे. रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेल्यास त्या अवस्थेला हायपोनेट्रेमिया म्हणतात. दीर्घ शर्यतींतील अशा रुग्णांचे वर्णन टिम नोक्स व सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केले. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही लक्षणे निर्जलीकरणासारखीच वाटतात, म्हणून आणखी पाणी पाजले जाते व प्रकृती ढासळते. शर्यतीदरम्यान वजन वाढणे ही स्पष्ट सूचना समजावी. याउलट शरीराच्या गाभ्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन खेळाडू भ्रमिष्टासारखा वागू लागला तर तो उष्माघात होय. त्यात बर्फाच्या पाण्यात बसवून आधी तापमान उतरवणे व नंतर रुग्णालयात हलवणे हा मान्य उपचार आहे.

उल्लेखनीय शर्यती

फेब्रुवारी १९८२ मध्ये महिलांत आघाडीवर असलेली ज्युली मॉस अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळली व रांगत पुढे गेली. कॅथलीन मॅकार्टनीने तिला तेथेच मागे टाकले. १९९५ साली सात वेळची विजेती पॉला न्यूबी-फ्रेझर हिने मागून येणाऱ्या कॅरेन स्मायर्सच्या दबावाखाली अखेरची मदत केंद्रे न थांबता ओलांडली. शेवट दिसत असताना ती रस्त्यावर बसली आणि बऱ्याच वेळाने चालत जाऊन चौथी आली. पुढच्याच वर्षी तिने आठवे विजेतेपद मिळवले.

मार्क ॲलनने १९८७ साली धावताना घेतलेली आघाडी गमावली होती. १९८९ मध्ये तो डेव्ह स्कॉटच्या खांद्याला खांदा लावून जवळजवळ संपूर्ण दिवस राहिला, अखेरच्या चढावर पुढे गेला आणि ८ तास ९ मिनिटे १५ सेकंदांत जिंकला; स्कॉट ५८ सेकंद मागे होता. २०२५ च्या महिलांच्या शर्यतीत आघाडीवर राहिलेल्या ल्युसी चार्ल्स-बार्कले व टेलर निब या दोघींनाही धावताना थांबावे लागले. निब शेवटच्या काही किलोमीटरांत थांबली, आणि नॉर्वेची सोल्वेग लोव्हसेथ विजयी झाली.

भारतात

गोव्यात २०१९ पासून याच्या निम्म्या अंतराची, म्हणजे १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल व २१.१ किमी धावणे अशी ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरून होते. नावातील आकडा एकूण मैलांचा आहे. पावसाळ्यानंतरच्या दिवसांतही किनाऱ्यावरील हवा दमट असते. पुण्यासारख्या पठारावरील शहरात सराव केलेल्या खेळाडूला तेथे आपला नेहमीचा वेग टिकवणे जड जाते.