हरणाची शिकार जंगलाबाहेर आणण्याच्या पद्धती : उत्तर अमेरिकेच्या विशेष संदर्भात एक अभ्यास

गोषवारा

उत्तर अमेरिकेत हरणांची नियंत्रित शिकार ही वन्यजीव व्यवस्थापनाची मान्य पद्धत आहे. शिकारीविषयीच्या लेखनात शस्त्रे, माग काढणे व नेमबाजी यांची चर्चा विपुल आढळते. मारलेले जनावर जंगलातून रस्त्यापर्यंत कसे आणावयाचे याची चर्चा त्या मानाने अल्प असते. मांस वाया जाणे, शिकाऱ्याच्या जिवास धोका निर्माण होणे आणि रोगाचा प्रसार होणे या तीनही गोष्टींचा संबंध मात्र याच टप्प्याशी आहे. प्रस्तुत लेखात ओढणे, घसरगाडी, हातगाडी, पाठीवरील वाहतूक, जनावरे, नौका व यंत्रवाहने या पद्धतींचे विवेचन केले असून त्यांच्या निवडीमागील कारणे स्पष्ट केली आहेत.

बीजशब्द : पांढऱ्या शेपटीचे हरीण, वाहतूक, घर्षण, मृगमांस, प्रायॉन रोग, वन्यजीव कायदे.

१. प्रस्तावना

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांची शिकार हा दंडनीय गुन्हा आहे. त्यामुळे मराठी वाचकास हा विषय अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. उत्तर अमेरिकेतील परिस्थिती याहून भिन्न आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी अनिर्बंध शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अत्यंत घटली होती. पुढे कडक नियम, परवाने, ठरावीक हंगाम आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने मिळालेला निधी यांमुळे ती पुन्हा वाढली. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ६० लाख पांढऱ्या शेपटीची हरणे परवानाधारक शिकाऱ्यांकडून मारली जातात आणि त्यांचे मांस लक्षावधी कुटुंबांच्या आहारात येते.

यांपैकी प्रत्येक जनावर कोणीतरी जंगलातून बाहेर काढलेले असते. गोळी सुटण्यास क्षणभर पुरतो. त्यानंतरचे काम कित्येक तासांचे, प्रसंगी पूर्ण दिवसाचे असते. हे काम शिकारीनंतरची केवळ हमाली आहे, अशी समजूत नवख्या शिकाऱ्यांत आढळते. वस्तुतः जनावर कसे बाहेर न्यावयाचे याचा निर्णय गोळी झाडण्यापूर्वीच व्हावयास हवा, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. समस्येचे स्वरूप : वजन, वाट व तापमान

पहिला घटक वजनाचा होय. उत्तरेकडील थंड प्रदेशात पांढऱ्या शेपटीचा पूर्ण वाढलेला नर ८० ते १०० किलोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक भरतो. दक्षिणेकडे ही हरणे आकाराने लहान होत जातात. जनावर पडल्यावर पोट उघडून आतडी व इतर अवयव जागेवरच काढले जातात. त्यामुळे मूळ वजनापैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो. तरीही ६० ते ८० किलोग्रॅमचे, पकडण्यास गैरसोयीचे आणि लुळे पडलेले ओझे शिल्लक राहते.

दुसरा घटक वाटेचा. हरीण पायवाटेवर पडत नाही. जखमी जनावर बहुधा दाट झाडोऱ्याकडे, ओढ्याकडे किंवा दलदलीकडे धावते. उन्मळून पडलेली झाडे, काटेरी झुडपे, खडक व चढउतार यांमुळे नकाशावरील एका किलोमीटरचे अंतर प्रत्यक्षात कितीतरी पटींनी कष्टाचे ठरते.

तिसरा घटक तापमानाचा. साधारण ४ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात मांसातील जिवाणू झपाट्याने वाढतात. आतील अवयव काढून शरीर मोकळे केल्यास उष्णता लवकर बाहेर पडते. नोव्हेंबरच्या थंडीत शिकाऱ्यास काही तासांची सवड मिळते. सप्टेंबरच्या उबदार दिवसांत ती मिळत नाही. वजन व वाट यांवरून श्रम किती ते ठरते, तर तापमानावरून त्यासाठी वेळ किती ते ठरते.

३. ओढून नेण्याची पद्धत

सर्वाधिक रूढ आणि सर्वांत कमी साधनांची पद्धत म्हणजे जनावर जमिनीवरून ओढत नेणे. यामागील गणित सोपे आहे. घर्षणगुणक अर्धा मानल्यास ६० किलोग्रॅमचे धड सपाट जमिनीवर ओढण्यास सुमारे ३० किलोग्रॅम वजन पेलण्याइतका जोर लागतो. दहास एक असा चढ असल्यास त्यात सुमारे ६ किलोग्रॅमची भर पडते. तसाच उतार असल्यास तितकीच घट होते. म्हणूनच अनुभवी शिकारी लांबची परंतु उताराची वाट जवळच्या चढापेक्षा श्रेयस्कर मानतात.

घर्षण कमी करण्याचे काही नियम परंपरेने सिद्ध झाले आहेत. जनावर नेहमी डोक्याकडून ओढावे. केसांची ठेवण डोक्याकडून शेपटीकडे असल्याने ते घसरत जाते. उलट ओढल्यास केस जमिनीला अडतात आणि पोटाच्या चिरेत माती व पाचोळा शिरतो. पुढचे पाय डोक्याशी किंवा शिंगांशी बांधले म्हणजे ते झुडपांत अडकत नाहीत. दोर आखूड ठेवल्यास डोके व खांदे जमिनीपासून किंचित उचलले जातात. दोर हातात धरण्याऐवजी त्यास लाकडी दांडा बांधावा किंवा खांद्यावरून पट्टा घ्यावा, म्हणजे ओढण्याचे काम बोटांऐवजी पायांच्या मोठ्या स्नायूंकडे जाते. बंदूक मात्र आधी रिकामी केलेली असली पाहिजे.

४. घसरगाडी व हातगाडी

गुळगुळीत पृष्ठभागामुळे घर्षण कमी होते, हे तत्त्व उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. बर्फावरून ओझे नेण्यासाठी ते वापरीत असलेल्या, पुढून वर वळविलेल्या सपाट फळीच्या गाडीचे ‘टोबॉगन’ हे नाव अल्गाँक्वियन भाषांतून इंग्रजीत आले. मैदानी प्रदेशातील जमातींनी दोन लांब काठ्यांचे ‘ट्रॅव्हॉय’ विकसित केले. काठ्यांची एक टोके जनावराच्या अंगाशी बांधलेली आणि दुसरी जमिनीवर घासत जाणारी, अशी त्याची रचना असे. प्रथम ते कुत्र्यांकडून आणि युरोपीयांबरोबर घोडे आल्यानंतर घोड्यांकडून ओढले जाई. आधुनिक प्लॅस्टिकची घसरगाडी ही त्याच विचाराची पुढील पायरी होय. तिच्यामुळे मांस स्वच्छ राहते आणि बर्फावर श्रम अगदी अल्प होतात. तीव्र उतारावर मात्र ती ओढणाऱ्याच्याच अंगावर येण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी मागून दोर धरणारा दुसरा माणूस आवश्यक ठरतो.

दोन चाकांच्या हातगाडीत आस ओझ्याच्या मध्याखाली असल्याने बहुतेक भार चाकांवर पडतो आणि माणसास केवळ तोल व दिशा सांभाळावी लागते. जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर ही पद्धत सर्वोत्तम ठरते. पडलेल्या झाडांच्या जंगलात मात्र प्रत्येक ओंडक्यावरून गाडी उचलावी लागते. येथे कायद्याचाही विचार करावा लागतो. अमेरिकेच्या १९६४ च्या ‘वाइल्डरनेस ॲक्ट’नुसार घोषित रानप्रदेशांत मोटार वाहनांबरोबरच इतर यांत्रिक वाहतुकीसही मनाई असून चाकांची साधी हातगाडीही या मनाईत येते.

५. खांद्यावरून व पाठीवरून वाहतूक

जुन्या चित्रांत दोन शिकारी खांद्यावरील बांबूस उलटे हरीण टांगून नेताना दिसतात. महाराष्ट्रातील दुर्गम पाड्यांतून रुग्णास डोलीतून आणले जाते, त्याची आठवण या दृश्याने होते. परंतु डोलीतील माणूस स्थिर असतो. दांड्यास टांगलेले हरीण प्रत्येक पावलागणिक झोके घेते आणि वाहणाऱ्यांचा तोल घालविते. एकट्याने संपूर्ण हरीण खांद्यावर टाकून नेणे तर अधिकच घातक होय. झाडीतून हलणारे हरणाचे डोके पाहून दुसरा शिकारी गोळी झाडू शकतो. शिवाय थंड होत चाललेल्या शरीरावरील गोचिडी माणसाच्या अंगावर येतात, आणि पूर्व अमेरिकेत याच हरणावर पोसणारी गोचीड लाइम रोगाची वाहक आहे. उचलून नेणे अपरिहार्यच असेल तर ओझ्यावर भडक नारिंगी कापड बांधावे असा संकेत आहे.

पश्चिमेकडील पर्वतांत संपूर्ण जनावर नेण्याचा विचारच बहुधा सोडून दिला जातो. तेथील ‘एल्क’ जातीचा नर ३०० किलोग्रॅमहूनही अधिक भरू शकतो. अशा वेळी मागच्या मांड्या, पुढचे फरे, पाठीचे व मानेचे मांस जागेवरच वेगळे करून हवा खेळती राहील अशा कापडी पिशव्यांत भरतात आणि चौकटीच्या पाठपिशवीतून अनेक फेऱ्यांत खाली आणतात. हाडे काढल्यास आतडी काढलेल्या धडाचे वजन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. म्हणजे ६० किलोग्रॅमच्या धडाचे मांस एक माणूस दोन फेऱ्यांत आणू शकतो. मांसाचे तुकडे लवकर थंड होतात, हा आणखी एक लाभ. अनेक राज्यांत जनावर हलविण्यापूर्वी त्यास परवान्याची चिठ्ठी लावणे आणि तुकडे केल्यावरही लिंग ओळखता येईल असा भाग मांसाला जोडलेला ठेवणे बंधनकारक असते.

६. जनावरे, नौका व यंत्रवाहने

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील उदाहरण येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. तेथील दलदलीच्या पीट जमिनीत चाके रुततात. त्यामुळे तांबड्या हरणांची शिकार खाली आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून हायलंड जातीची तट्टे व त्यांच्यासाठी बनविलेली खास खोगिरे वापरली गेली. पुढे आठ चाकांची हलकी वाहने आली, तरी काही जमीनदाऱ्यांवर तट्टांची प्रथा टिकून आहे. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात हेच काम घोडे व खेचरे करतात. दोन्हीकडे एक अट समान आहे : रक्ताच्या वासास सरावलेले जनावरच या कामी येते.

आग्नेय अलास्काच्या बेटांवर रस्ते जवळजवळ नाहीत. तेथे शिकारी सिटका जातीचे हरीण उतारावरून समुद्रकिनारी आणून नौकेत चढवितो. ॲडमिरल्टी, बॅरनॉफ व चिचॅगॉफ या बेटांवर तपकिरी अस्वले आहेत. आतडी काढलेल्या जागेचा वास त्यांना खेचून आणतो. मांसाची दुसरी फेरी करण्यास परतलेला शिकारी अस्वलाच्या ताब्यातील मांसापाशी पोहोचण्याची शक्यता असते. म्हणून उरलेले मांस आतड्यांपासून दूर, लांबून दिसेल अशा मोकळ्या जागी ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

चारचाकी यंत्रवाहनांनी खाजगी जमिनीवरील काम अत्यंत सुलभ केले आहे. सार्वजनिक वनांत मात्र ती बहुधा ठरवून दिलेल्या रस्त्यांपुरतीच चालविता येतात. त्यामुळे रस्त्यापर्यंतचे अंतर शेवटी माणसालाच कापावे लागते.

७. आरोग्य व रोगप्रसार

वर्षभर बैठे काम करणारा मध्यमवयीन माणूस हंगामाच्या पहिल्याच दिवशी थंडीत, जड कपड्यांत आणि उत्तेजित मनःस्थितीत ६० किलोग्रॅमचे ओझे ओढू लागतो, तेव्हा हृदयावर असाधारण ताण पडतो. मिशिगन राज्यातील २५ पुरुष शिकाऱ्यांचा हृद्‌आलेख शिकारीच्या वेळी नोंदविणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांच्या हृदयाची गती प्रयोगशाळेतील ट्रेडमिल चाचणीत गाठलेल्या कमाल गतीहूनही अधिक झाल्याचे त्यात आढळले. थांबत थांबत ओढणे, साथीदार बोलाविणे किंवा मांसाचे तुकडे करून नेणे हे उपाय याच कारणास्तव सुचविले जातात.

दुसरा प्रश्न ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या प्रायॉनजन्य रोगाचा आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत तो प्रथम दिसला. २००२ मध्ये मिसिसिपी नदीच्या पूर्वेस विस्कॉन्सिनमध्ये त्याची नोंद झाली आणि आता तो तीसहून अधिक राज्यांत पोहोचला आहे. मेंदू, मज्जारज्जू व लसिका ग्रंथींत साठणारे हे प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि शिजविल्याने नष्ट होत नाहीत. माणसास या रोगाची बाधा झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तथापि बाधित जनावराचे मांस खाऊ नये, असा आरोग्ययंत्रणांचा सल्ला आहे. शिकाऱ्याने संपूर्ण धड दूरच्या गावी नेऊन हाडे उघड्यावर टाकल्यास रोग नव्या प्रदेशात जाऊ शकतो. म्हणून अनेक राज्यांनी बाधित क्षेत्रातून संपूर्ण धड नेण्यावर निर्बंध घातले असून हाडे काढलेले मांस आणि स्वच्छ केलेली शिंगे नेण्यास मुभा दिली आहे.

८. निष्कर्ष

१) कोणतीही एक पद्धत सर्वत्र श्रेष्ठ ठरत नाही. बर्फावर घसरगाडी, जुन्या रस्त्यावर हातगाडी, पर्वतात पाठपिशवी आणि उताराच्या अल्प अंतरावर दोर, अशी निवड भूप्रदेशानुसार करावी लागते.

२) संपूर्ण जनावर मिरवीत आणण्याच्या परंपरेकडून केवळ मांस आणण्याकडे होणारा बदल श्रम, मांसाची प्रत व रोगनियंत्रण या तिन्ही दृष्टींनी हितावह आहे.

३) अनेक राज्यांचे कायदे खाण्यायोग्य मांस जंगलात टाकून देण्यास गुन्हा मानतात. ज्या ठिकाणाहून जनावर वेळेत बाहेर काढता येणार नाही तेथे गोळी न झाडणे, हाच या कायद्यांमागील नीतीचा अर्थ होय.

४) दोर, पिशव्या, साथीदार व परतीची वाट यांची सिद्धता शिकारीस निघण्यापूर्वीच झाली पाहिजे. ती नसेल तर समोर उभे असलेले हरीण सोडून देणे, हेच जबाबदार शिकाऱ्याचे लक्षण मानावे लागेल.