प्रतिक्रियांचा रकाना राखावा का?

छत्रपती संभाजीनगरात पाणीपुरवठ्याची बातमी आली की खाली लोक लगेच लिहितात: सिडकोत नळ कितव्या दिवशी आला, किती वाजता, किती मिनिटं. बातमीदाराला पुढची बातमी इथेच सापडते. शहराच्या नामांतराच्या बातमीखाली मात्र चार ओळींत शिवीगाळ सुरू होते.

छापील पत्रांना चाळणी असते. ‘लोकसत्ता’च्या ‘लोकमानस’मधलं पत्र नावानिशी येतं, निवड संपादकाची. ऑनलाइन प्रतिक्रिया आधी झळकते, वाचली नंतर जाते.

कायदा काय सांगतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 79 इतरांच्या मजकुराबाबत मध्यस्थ मंचांना अटींसह संरक्षण देतं. पालघरच्या दोन तरुणींना 2012 मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यातूनच उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी याच कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम 66अ रद्द केलं. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एस्टोनियाच्या ‘डेल्फी’ या बातम्यांच्या संकेतस्थळाला वाचकांच्या द्वेषपूर्ण प्रतिक्रियांसाठी जबाबदार धरणं योग्य ठरवलं. अमेरिकेतल्या ‘एनपीआर’ या रेडिओ संस्थेने तर 2016 मध्ये आपल्या संकेतस्थळावरचा प्रतिक्रियांचा रकानाच बंद केला.

आमचं मत स्पष्ट आहे: रकाना ठेवा, पण तो वाचायला रात्रपाळीतही एक उपसंपादक बसवा.